चांगलं कोलेस्टेरॉल: भरलेल्या गाड्या आणि न झालेल्या खेपा

रक्ताचा रिपोर्ट हातात पडला की नजर आधी ठळक अक्षरांत छापलेल्या आकड्यांवर जाते. एलडीएल वाढलेलं दिसतं आणि काळजात धस्स होतं. मग शेजारच्या ओळीत एचडीएलचा आकडा चांगला दिसतो आणि मन स्वतःची समजूत घालतं. वाईट कोलेस्टेरॉल वाढलंय खरं, पण चांगलंही भरपूर आहे, म्हणजे हिशेब बरोबरीत सुटला. या समजुतीपायी माणसं वर्षानुवर्षं उपचार पुढे ढकलतात, म्हणून ती नीट तपासायला हवी. चांगलं कोलेस्टेरॉल बिघडू शकतं. बिघडलं की ते धमनीचं रक्षण करत नाही, उलट काही वेळा आजाराला हातभार लावतं. आणि हे सगळं रिपोर्टवरचा आकडा उत्तम असतानाही घडू शकतं.

सुरुवात नावापासूनच करू, कारण गोंधळाचं मूळ तिथे आहे. कोलेस्टेरॉल हा पदार्थ एकच. चांगलं कोलेस्टेरॉल आणि वाईट कोलेस्टेरॉल असे दोन वेगळे रेणू नसतात. प्रत्येक पेशीच्या आवरणाला हा पदार्थ लागतो. पित्तातली आम्लं, ड जीवनसत्त्व, अनेक हार्मोन्स यांचा कच्चा माल तोच. अडचण इतकीच की तो तेलकट आहे, पाण्यात विरघळत नाही, आणि रक्ताचा मोठा भाग तर पाणीच. म्हणून शरीर त्याला प्रथिनं आणि विशिष्ट स्निग्ध पदार्थांच्या वेष्टनात बांधून पाठवतं. या बांधलेल्या कणांना लिपोप्रोटीन म्हणतात. एलडीएल आणि एचडीएल ही त्या कणांची नावं आहेत, आतल्या मालाची नव्हेत. आपण या लेखापुरतं त्यांना गाड्या म्हणू.

एलडीएलची गाडी आकाराने मोठी असते आणि तिच्यावर एपो-बी नावाचं एकच मोठं प्रथिन असतं. ती यकृताकडून निघालेलं कोलेस्टेरॉल शरीरभर पोचवते. एचडीएलची गाडी बरीच लहान. तिचा व्यास साधारण ८ ते १२ नॅनोमीटर, आणि तिचा सांगाडा एपो-ए-वन या प्रथिनाचा. तिचं सर्वांत गाजलेलं काम उलट्या दिशेचं आहे. ऊतींमध्ये साठलेलं जादा कोलेस्टेरॉल उचलायचं आणि यकृताकडे परत न्यायचं. तिथून ते पित्तावाटे आतड्यात उतरतं आणि त्यातला काही भाग शरीराबाहेर पडतो.

आता धमनी. धमनी आतून चोंदते ती पाण्याच्या नळात क्षार धरतात तशी, असं चित्र बहुतेकांच्या मनात असतं. प्रत्यक्षात साठवण आतल्या पोकळीत नाही, भिंतीच्या आत होते. धमनीला आतून पेशींचं एक नाजूक अस्तर असतं. रक्तात एलडीएलचे कण जास्त असले की ते या अस्तरापलीकडे भिंतीत शिरतात, तिथल्या तंतूंमध्ये अडकतात आणि हळूहळू त्यांचं ऑक्सिडेशन होतं, म्हणजे ऑक्सिजनच्या माऱ्याने त्यांचं रूप बिघडतं. हे बदललेले कण शरीराला परके वाटू लागतात. अस्तराच्या पेशी धोक्याचा इशारा देतात, रक्तातल्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी भिंतीत उतरतात आणि तिथे त्यांच्या मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी होतात. त्या समोर येईल ते कोलेस्टेरॉल गिळत सुटतात. गिळायला मर्यादा नाही, पचवायला मात्र जागा नाही. पोटात चरबीचे थेंब भरून त्या फुगतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या फेसासारख्या दिसतात, म्हणून त्यांना फेसाळ पेशी म्हणतात. अशा पेशी मरतात, त्यांच्यातला ऐवज भिंतीतच सांडतो, वर तंतूंची साय धरते आणि त्याला आपण प्लाक म्हणतो. ही साय एखाद्या दिवशी फाटली की रक्ताची गुठळी होते. गुठळी हृदयाच्या धमनीत झाली तर हार्ट अटॅक, मेंदूच्या धमनीत झाली तर पक्षाघात.

एचडीएलचं काम या फेसाळ पेशींच्या दारातच सुरू होतं. यकृत आणि आतडं मिळून एपो-ए-वन रक्तात सोडतात. ते जवळजवळ रिकामं, चपटं असतं. मॅक्रोफेजच्या आवरणात एबीसीए-वन नावाचं एक दार आहे. त्या दारातून पेशी आपलं जादा कोलेस्टेरॉल बाहेर काढते आणि एपो-ए-वन ते अंगावर घेतं. मग एलकॅट नावाचं एन्झाइम त्या कोलेस्टेरॉलचं रूप बदलून ते गाडीच्या पोटात ढकलतं आणि चपटा कण फुगून गोल होतो. पुढे माल उतरवायचे दोन मार्ग. एक, थेट यकृताच्या पेशीवर असलेल्या एसआर-बी-वन या ग्राहकावर, म्हणजे कण धरून घेणाऱ्या प्रथिनावर (रिसेप्टर). दोन, सीईटीपी नावाच्या प्रथिनामार्फत तो एलडीएलच्या जातीच्या गाड्यांमध्ये हलवायचा, आणि त्या गाड्या यकृताने आत घ्यायच्या. माल उतरला की एचडीएल हलकी होऊन पुढच्या खेपेला मोकळी.

आता रिपोर्टवरचा एचडीएलचा आकडा नेमकं काय मोजतो ते पाहा. रक्त काढलं त्या क्षणी एचडीएलच्या सगळ्या गाड्यांमध्ये मिळून किती कोलेस्टेरॉल भरलेलं होतं, तेवढंच तो सांगतो. गाड्या किती होत्या, हे तो सांगत नाही. दिवसभरात खेपा किती झाल्या, हेही नाही. माल फेसाळ पेशींकडून उचलला की आणखी कुठून, यकृतात उतरला की रस्त्यातच अडकून राहिला, यातलं काहीही त्या आकड्यात नसतं. गोदामाबाहेर भरलेल्या गाड्यांची रांग दिसली तर काम जोरात चालू आहे असंही म्हणता येईल, किंवा गोदामाचं दार बंद आहे असंही. मला वाटतं, हा एक मुद्दा पक्का बसला की गेल्या साठ वर्षांचं संशोधन सहज कळतं.

आकड्यावर विश्वास बसण्यामागे सबळ कारण होतं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८ पासून हजारो रहिवाशांच्या हृदयाच्या आरोग्याची नोंद ठेवली जात आहे. १९७७ साली तिथल्या संशोधकांनी दाखवलं की ज्यांचं एचडीएल जास्त त्यांना हृदयविकार कमी, आणि ज्यांचं कमी त्यांना जास्त. नंतर देशोदेशीच्या अभ्यासांत हेच दिसत गेलं. निष्कर्ष खरा होता, आजही खरा आहे. पण त्यावरून पुढची पायरी घाईने गाठली गेली. एचडीएल जास्त असलेल्यांना आजार कमी होतो, तर मग औषधाने एचडीएल वाढवलं की आजार कमी होईल, असं सगळ्यांनी गृहीत धरलं.

त्यासाठी सीईटीपीला अडवणारी औषधं बनवली गेली. वर सांगितलेला माल उतरवायचा दुसरा मार्ग बंद केला की एचडीएलच्या गाड्यांत माल साचणार आणि आकडा वाढणार, हे उघड होतं. तसंच झालं. टॉर्सेट्रापिब नावाच्या औषधाने एचडीएल तब्बल ७२ टक्क्यांनी वाढवलं आणि एलडीएलही सुमारे २५ टक्क्यांनी उतरवलं. कागदावर याहून सुंदर रिपोर्ट शोधून सापडला नसता. १५,०६७ रुग्णांवरची ही चाचणी डिसेंबर २००६ मध्ये तातडीने थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्या गटात मृत्यू ५८ टक्क्यांनी जास्त झाले होते. या औषधाचा एक वेगळाच दुष्परिणाम होता, ते रक्तदाब आणि अल्डोस्टेरॉन हे हार्मोन वाढवत होतं. त्यामुळे दोष सगळा एचडीएलच्या माथी मारता येत नव्हता. म्हणून आशा टिकून राहिली. मग डॅल्सेट्रापिब आलं, २०१२ साली निकाल लागला, फायदा शून्य. इव्हासेट्रापिबने तर एचडीएल दुपटीहून जास्त केलं. १२,००० हून अधिक रुग्णांवरची ती चाचणीही २०१५ मध्ये थांबवली गेली, कारण हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंत काहीच फरक पडत नव्हता. ॲनासेट्रापिबने ३०,४४९ रुग्णांमध्ये थोडा फायदा दाखवला, २०१७ साली. पण तो एलडीएल गटातले कण कमी झाल्यामुळे मिळाला, एचडीएल वाढल्यामुळे नव्हे, असंच आकडे सांगत होते.

नियासिन, म्हणजे ब-३ जीवनसत्त्व, मोठ्या मात्रेत दिलं की एचडीएल वाढतं. अनेक दशकं ते त्यासाठी दिलं गेलं. स्टॅटिनच्या, म्हणजे एलडीएल कमी करणाऱ्या औषधाच्या, जोडीला ते देऊन केलेल्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल २०११ आणि २०१४ साली आले. दोन्हींत हृदयाला काही लाभ झाला नाही. दुसऱ्या चाचणीत २५,६७३ रुग्ण होते आणि मधुमेह, जंतुसंसर्ग, रक्तस्राव अशा गंभीर त्रासांचं प्रमाण मात्र वाढलं.

या सगळ्यावर शिक्कामोर्तब केलं जनुकांनी. काही माणसांत जन्मतःच एक छोटासा जनुकीय फरक असतो, ज्यामुळे त्यांचं एचडीएल आयुष्यभर थोडं जास्त राहतं आणि बाकी सगळं इतरांसारखंच असतं. निसर्गानेच मांडलेला प्रयोग म्हणा ना. एचडीएलचा आकडाच रक्षण करत असेल तर या माणसांना हार्ट अटॅक कमी यायला हवेत. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात गणिताप्रमाणे धोका १३ टक्क्यांनी कमी दिसायला हवा होता. तो अजिबात कमी नव्हता. एलडीएल वाढवणाऱ्या जनुकांच्या बाबतीत मात्र गणित बरोबर जुळलं. तिथे धोका अपेक्षेप्रमाणे वाढलेला होता.

मग फ्रेमिंगहॅममध्ये दिसलं ते काय होतं? त्याच्या उत्तराचा मोठा भाग ट्रायग्लिसराइड्समध्ये, म्हणजे रक्तातल्या आणखी एका प्रकारच्या चरबीत, आहे. पोटावर चरबी, इन्सुलिनला न जुमानणाऱ्या पेशी, वाढलेली साखर अशी परिस्थिती असली की रक्तात ट्रायग्लिसराइड वाढतात. सीईटीपी ते एचडीएलच्या गाडीत भरतं आणि बदल्यात कोलेस्टेरॉल काढून घेतं. अशी ट्रायग्लिसराइडने भरलेली गाडी टिकत नाही, तिचे सुटे भाग होतात आणि एपो-ए-वन मूत्रपिंडातून निघून जातं. म्हणजे कमी एचडीएल ही बऱ्याचदा चयापचय बिघडल्याची खूण असते. खूण म्हणून ती मोलाची आहे. डॉक्टर आजही धोक्याचा अंदाज बांधताना पुरुषांत ४० आणि स्त्रियांत ५० मिलीग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खालचं एचडीएल गंभीरपणे घेतात, ते योग्यच आहे. पण खूण पुसली म्हणून कारण पुसलं जात नाही.

आकडा आणि काम यांची फारकत किती टोकाला जाऊ शकते, हे तीन दुर्मिळ जनुकीय दोषांत स्वच्छ दिसतं. मला स्वतःला या तीन गोष्टी कुठल्याही आलेखापेक्षा जास्त शिकवून गेल्या.

पहिली टँजियर बेटाची. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्याच्या किनाऱ्याजवळ चेसापीक उपसागरात हे छोटं बेट आहे. तिथल्या भावंडांचे टॉन्सिल नारिंगी-पिवळ्या रंगाचे आणि सुजलेले आढळले, आणि रक्तात एचडीएल जवळजवळ नव्हतंच. डोनाल्ड फ्रेड्रिकसन आणि सहकाऱ्यांनी १९६१ साली हा आजार नोंदवला. १९९९ मध्ये त्याचं कारण सापडलं, एबीसीए-वनचं दारच बिघडलेलं होतं. पेशीतलं कोलेस्टेरॉल बाहेर निघेना, म्हणून टॉन्सिलमधल्या मॅक्रोफेजमध्ये ते साचून रंग बदलला. गाडीत माल चढतच नाही, अशी ही अवस्था.

दुसरी गोष्ट उलटी. यकृतावरच्या एसआर-बी-वन ग्राहकाच्या जनुकात दोष असलेली काही माणसं २०१६ साली अभ्यासली गेली. त्यांचं एचडीएल खूप जास्त होतं. रिपोर्ट पाहून कुणीही अभिनंदन केलं असतं. प्रत्यक्षात त्यांना हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा जास्त होता. माल उतरवायचं दार बंद, म्हणून गाड्या भरलेल्या अवस्थेत रक्तात फिरत राहिल्या. आकडा मोठा, खेपा नाहीत.

तिसरी इटलीतली. गार्डा सरोवराकाठच्या लिमोने गावातल्या काही कुटुंबांत एपो-ए-वनचं एक बदललेलं रूप आढळलं. १९८० साली ते प्रसिद्ध झालं आणि त्याला मिलानो हे नाव मिळालं. या माणसांचं एचडीएल फारच कमी, ट्रायग्लिसराइड जास्त, आणि तरीही त्यांच्या धमन्या अपेक्षेइतक्या बिघडलेल्या नव्हत्या. आकडा भीती घालणारा, धमन्या बऱ्या.

हे तीनही दोष फार थोड्या लोकांत असतात. जन्मतः काहीही दोष नसलेल्या माणसाचं एचडीएल कसं बिघडतं, हा तुमच्या-माझ्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न.

त्यासाठी आधी हे लक्षात घ्यायला हवं की एचडीएल फक्त मालवाहू नाही. तिच्या अंगावर अनेक डझन प्रकारची प्रथिनं बसलेली असतात. त्यातली काही दाह, म्हणजे शरीराची सूज आणणारी प्रतिक्रिया, शमवतात, काही जंतूंशी लढण्यात भाग घेतात, काही रक्त गोठण्यावर परिणाम करतात. पॅराऑक्सोनेज नावाचं एन्झाइम एलडीएलचं ऑक्सिडेशन रोखायला मदत करतं. निरोगी एचडीएल धमनीच्या अस्तराला नायट्रिक ऑक्साइड बनवायला उत्तेजन देते. हा वायू धमनी सैल ठेवतो आणि पेशी तिला चिकटू देत नाही. म्हणजे ही गाडी जाता जाता रस्त्याची डागडुजीही करते.

आता शरीरात दाह पेटला असं समजा. तीव्र जंतुसंसर्ग असेल, एखादी शस्त्रक्रिया असेल, किंवा संधिवात-ल्युपससारखा वर्षानुवर्षं धुमसणारा आजार. यकृत तातडीने सीरम अमायलॉइड ए नावाचं प्रथिन बनवू लागतं, तीव्र आजारात त्याचं प्रमाण हजारपटीपर्यंत चढू शकतं. हे प्रथिन रक्तात एचडीएलवरच येऊन बसतं आणि एपो-ए-वनला तिथून हुसकावतं. पॅराऑक्सोनेजही कमी होतं. गाडी तीच, पण तिच्यावरची माणसं बदलली. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९५ साली दाखवलं की अशा वेळी एचडीएल एलडीएलचं ऑक्सिडेशन रोखायचं सोडते. पुढे त्याच गटाने एक चाचणी वापरली. धमनीच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या, त्यांच्यात एलडीएल घालायचं, मग एखाद्या व्यक्तीची एचडीएल घालायची आणि किती मोनोसाइट आत ओढले जातात ते मोजायचं. निरोगी माणसाच्या एचडीएलने ती संख्या घटायची. हृदयविकार असलेल्या अनेकांच्या एचडीएलने ती वाढायची. २००३ साली त्यांनी दाखवलं की रक्तातलं एचडीएल खूप जास्त असलेल्या हृदयरुग्णांतही हेच घडतं. कुंपणच शेत खातं म्हणतात, ते इथे अक्षरशः.

दाहाच्या जागी आणखी एक गोष्ट घडते, आणि माझ्या मते धमनीच्या आजाराच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची आहे. पांढऱ्या पेशींकडे मायेलोपेरॉक्सिडेज नावाचं एन्झाइम असतं. जंतू मारण्यासाठी ते ब्लीचसारखं जहाल रसायन तयार करतं. प्लाकमध्ये या पेशी असतातच. कोलेस्टेरॉल उचलायला म्हणून भिंतीत शिरलेली एचडीएल या रसायनाच्या माऱ्यात सापडते आणि एपो-ए-वन प्रथिनाच्या साखळीतले ठरावीक अमिनो आम्ल होरपळतात. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये स्टॅन्ली हेझन यांच्या गटाने २०१४ साली यातला एक बदल बारकाईने दाखवला. एपो-ए-वनच्या ७२ व्या जागी ट्रिप्टोफान असतं, तिथे ऑक्सिडेशन झालं की ते प्रथिन एबीसीए-वनच्या दारातून कोलेस्टेरॉल घेऊ शकत नाही. इतकंच नव्हे, ते दाह वाढवू लागतं. हे होरपळलेलं रूप रक्तात फार थोडं, धमनीच्या भिंतीत मात्र पुष्कळ सापडलं. त्याचा अर्थ नीट लक्षात घ्या. गाडी जिथे सर्वांत जास्त हवी आहे तिथेच पोचून ती निकामी होते, आणि रक्ताच्या नमुन्यात ते फारसं दिसतही नाही.

मधुमेहात वाढलेली साखर एपो-ए-वनला आणि पॅराऑक्सोनेजला चिकटते व त्यांचं काम मंदावतं. मूत्रपिंडाच्या जुनाट आजारात रक्तात वाढलेल्या युरियापासून बनणारी रसायनं या प्रथिनांत बदल घडवतात. धूम्रपानाने ऑक्सिडेशनचा मारा वाढतो आणि एचडीएल आकड्यानेही घटते. अस्तराचं काय होतं, ते झुरिकमधल्या संशोधकांनी २०११ साली दाखवलं. निरोगी माणसाची एचडीएल अस्तराच्या पेशींना नायट्रिक ऑक्साइड बनवायला लावत होती. हृदयाच्या धमन्यांचा आजार असलेल्यांची एचडीएल तेच उत्पादन दाबत होती.

म्हणजे हे एक दुष्टचक्र आहे. एलडीएल भिंतीत शिरून दाह पेटवतं, दाह एचडीएलला बिघडवतो, बिघडलेली एचडीएल कोलेस्टेरॉल उचलत नाही आणि दाह शमवत नाही, म्हणून फेसाळ पेशी वाढतात आणि दाह आणखी भडकतो.

काम मोजायची एक पद्धत आता संशोधनात रुळली आहे. प्रयोगशाळेतल्या मॅक्रोफेजमध्ये खूण केलेलं कोलेस्टेरॉल भरायचं, त्यावर एखाद्या व्यक्तीच्या रक्तातली एचडीएल सोडायची आणि ठरावीक वेळात किती कोलेस्टेरॉल बाहेर आलं ते मोजायचं. याला कोलेस्टेरॉल उपसण्याची क्षमता म्हणता येईल. अमेरिकेतल्या डॅलस शहरात हृदयविकार नसलेल्या २,९२४ प्रौढांवर हे मोजून त्यांचा ९ वर्षांहून अधिक काळ पाठपुरावा केला गेला, निकाल २०१४ साली आला. ज्यांची क्षमता सर्वांत वरच्या चौथाईत होती त्यांना सर्वांत खालच्या चौथाईपेक्षा हृदयविकार-पक्षाघाताचा धोका ६७ टक्क्यांनी कमी होता. आणि इतर धोके हिशेबात धरल्यावर, याच लोकांत एचडीएलच्या साध्या आकड्याचा धोक्याशी काही संबंध उरला नाही. दुसऱ्या बाजूने, कोपनहेगनमध्ये एक लाखाहून अधिक लोकांच्या अभ्यासात २०१७ साली दिसलं की मृत्यूचं प्रमाण सर्वांत कमी होतं ते पुरुषांत एचडीएल ७३ आणि स्त्रियांत ९३ च्या आसपास असताना. त्यापुढे आकडा चढत गेला तसं मृत्यूचं प्रमाण पुन्हा वाढत गेलं. शंभरीपार गेलेल्या एचडीएलचं कौतुक करण्याआधी हे आठवावं.

इथे एक सावधानतेची गोष्ट सांगायलाच हवी, कारण आकड्याच्या बाबतीत झालेली घाई कामाच्या बाबतीत पुन्हा होऊ नये. एचडीएलची क्षमता कमी असलेल्यांना आजार जास्त होतो, एवढं दिसलं. ती क्षमता औषधाने वाढवली तर आजार टळेल का, हा वेगळा प्रश्न. माणसाच्या रक्तातून काढलेलं एपो-ए-वन नुकताच हार्ट अटॅक आलेल्यांना शिरेतून देण्याची मोठी चाचणी झाली, १८,००० हून अधिक रुग्णांवर. हे औषध कोलेस्टेरॉल उपसण्याची क्षमता नक्की वाढवत होतं. २०२४ साली निकाल आला. ९० दिवसांत पुन्हा अटॅक, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यांत ठोस घट सिद्ध झाली नाही. मिलानो प्रथिनाचंही काहीसं तसंच झालं. २००३ च्या छोट्या अभ्यासात प्लाक किंचित आकसल्याचं दिसलं, नंतरच्या चाचणीत ते टिकलं नाही. त्यामुळे बिघडलेली एचडीएल हा आजाराच्या चक्रातला एक दुवा आहे हे प्रयोगशाळा दाखवते, पण फक्त त्या दुव्यावर औषध लावून चक्र थांबल्याचं अजून दिसलेलं नाही.

मग आपल्या हातात काय? पहिलं म्हणजे एचडीएलला एलडीएलच्या विरुद्ध पारड्यात टाकणं थांबवायचं. एलडीएल वाढलेलं असेल तर ते स्वतंत्रपणे घातक आहे, एचडीएल ७० असो वा ३५. स्टॅटिनसारखी औषधं घ्यायची की नाही हा निर्णय डॉक्टर वय, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान आणि घराण्यातला इतिहास हे सगळं धरून करतात. तो निर्णय फक्त चांगल्या कोलेस्टेरॉलच्या ओळीकडे बोट दाखवून टाळू नये. एचडीएल वाढतं म्हणून दारू पिणं तर कुठल्याच हिशेबात बसत नाही. ती आकडा थोडा चढवते हे खरं, पण नुसता चढलेला आकडा काय कामाचा, ते वर पाहिलंच. हीच गोष्ट एचडीएल वाढवण्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या गोळ्यांची.

नियमित व्यायामाने एचडीएलचा आकडा फारसा हलत नाही, आणि त्यावरून पुष्कळ लोक निराश होऊन व्यायाम सोडतात. मला याचं फार वाईट वाटतं. व्यायामाने इन्सुलिनचं काम सुधारतं, ट्रायग्लिसराइड उतरतात, रक्तदाब आणि दाह कमी होतो. म्हणजे ज्या परिस्थितीत एचडीएल बिघडते ती परिस्थितीच बदलते. रिपोर्टवर दोनच अंक वाढले म्हणून दोन अंकांचाच फायदा झाला, असं नसतं. धूम्रपान सोडणं, साखर ताब्यात ठेवणं, हिरड्यांच्या किंवा सांध्यांच्या जुनाट दाहाचा नीट उपचार करणं, यांचंही तसंच.

कोलेस्टेरॉल उपसण्याची क्षमता मोजणारी चाचणी नेहमीच्या तपासणीत मिळत नाही, ती अजून संशोधनापुरतीच आहे. पण रिपोर्टवर आधीच असलेल्या आकड्यांतून एक उपयोगी आकडा घरी काढता येतो. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा. उरतं त्याला नॉन-एचडीएल कोलेस्टेरॉल म्हणतात, आणि भिंतीत शिरू शकणाऱ्या, एपो-बी बाळगणाऱ्या सगळ्या कणांतलं कोलेस्टेरॉल त्यात एकत्र येतं. ट्रायग्लिसराइड जास्त असतील तेव्हा हा आकडा नुसत्या एलडीएलपेक्षा जास्त खरं बोलतो. एकूण २३० आणि एचडीएल ७० असेल तर नॉन-एचडीएल १६०. पुढच्या वेळी डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा त्या १६० बद्दल विचारा, आणि एपो-बीची तपासणी तुमच्यासाठी गरजेची आहे का, तेही.